वरुणेच्या पुलापासून गुरूच्या चंद्रापर्यंत

काशीतल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारले, "काय हो, अजून आहात?" तर तो रागावत नाही. आमच्याकडे तो कुशलप्रश्नच समजला जातो. इतर गावांत लोक मरणाला टाळतात. इथे दूरदूरहून येऊन त्याची वाट पाहत बसतात, आणि ते बसणे हाही एक प्रकारचा उद्योगच असतो. स्नान, संध्या, देवदर्शन, दुपारची पोथी, आणि या साऱ्याच्या तळाशी ती शांत, निश्चिंत प्रतीक्षा. माझी पत्नी दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरातच गेली. तिच्या वर्षश्राद्धानंतर मी क्षेत्रसंन्यास घेतला.

क्षेत्रसंन्यास म्हणजे घर सोडणे नव्हे. उलट, उत्तरेची वरुणा, दक्षिणेची असी आणि समोरची गंगा या मर्यादेबाहेर पुन्हा पाऊल टाकणार नाही, असे ते व्रत आहे. या क्षेत्रात देह पडला तर जीव पुन्हा जन्माला येत नाही, यावर ज्याची श्रद्धा आहे त्याने मरणाला आपल्याला बाहेर गाठू देऊ नये, एवढीच त्यामागची दक्षता. मी ते व्रत घेतल्याचे कळवले तेव्हा माझी मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली होती, "म्हणजे नाना, आता तुम्ही माझ्याकडे कधीच येणार नाही?"

"तू येत जा."

"मी येईनच हो. पण बाप एकदाही सासरी येत नाही म्हटल्यावर माझा इथला रुबाबच गेला की!"

ही आमची एकुलती एक. तिला गणिताची गोडी लागली ती माझ्याकडून, असे म्हणण्याचा मोह मला नेहमी होई. वडील घराजवळच्याच रामघाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवीत आणि मी व्याकरण व थोडे ज्योतिष शिकवीत असे. मुलींना तिथे बसता येत नसे. म्हणून दुपारी घरच्या गच्चीवर पंचांग पुढे ठेवून मी तिला चंद्राची गती काढायला शिकवले. एका चंद्रग्रहणाला ती हातात घड्याळ घेऊन बसली, आणि पंचांगातल्या वेळेपेक्षा ग्रहण थोडे उशिरा लागल्याबरोबर खाली धावत आली.

"नाना, पंचांग चुकलं की चंद्र?"

"चंद्र चुकत नाही," मी म्हणालो.

तिने पुढे जन्मभर तेच केले. चंद्र चुकत नाही असे गृहीत धरून माणसाचे गणित दुरुस्त करीत राहिली. बरीच वर्षे परदेशात काढून ती पुण्यात स्थिरावली, आणि तिथूनच एका यानाच्या मार्गाचे गणित करणाऱ्या मोठ्या चमूतला आपला वाटा सांभाळू लागली. ते यान गुरूच्या एका चंद्राकडे जायचे होते. त्या चंद्रावर म्हणे सगळीकडे बर्फ आहे आणि बर्फाखाली समुद्र.

यान सुटले त्या वेळी दसरा नुकताच होऊन गेला होता. माझ्या पुतण्याची बायको आमचे घर चालवते. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी केव्हा शिरते ते तिचे तिलाच कळत नाही. तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर मुलीचा चेहरा परीक्षा पार पडलेल्या पोरीसारखा दिसत होता.

"किती दिवसांत पोचेल?" मी विचारले. आपल्या देशाचे यान आपल्या चंद्रावर गेले त्याला महिना-सव्वा महिना लागला होता. त्या मानाने मी मनाशी फार तर एक वर्ष धरले होते.

"साडेपाच वर्षं, नाना."

"मी दिवस विचारले, तू वर्षं सांगतेस!"

"दिवसांत सांगितलं असतं तर तुम्ही फोन ठेवून जपाला बसला असता."

"अगं पण इतका वेळ? सरळ जात नाही का ते?"

"सरळ जायला लागतं तेवढं बळ नाही त्याच्यात. आधी मंगळाकडे जायचं, त्याला वळसा घालायचा, मग परत पृथ्वीजवळ यायचं, तिच्या ओढीनं वेग घ्यायचा आणि मग गुरूकडे."

मी विचार केला. "म्हणजे दूधविनायकाहून रामघाटावर जायचं, तर आधी असीपर्यंत जाऊन, परत आपल्याच दारावरून पुढं जायचं."

"अगदी तस्सं. आणि दारात थांबायचं नाही."

"घोटभर पाणीही नाही?"

"नाही. नुसतं शिवून जायचं."

यावर पुतणसून मागून म्हणाली, "ताई, हे तर तुमच्यासारखंच झालं! तुम्ही पण अशाच येता. चप्पल काढली नाही की चालल्या वापस."

आम्ही तिघेही हसलो. त्या चंद्राच्या नावाने आमच्या घरात झालेले ते शेवटचे हसणे, हे तेव्हा कुणाच्याही ध्यानी आले नाही.

चैत्रात जावयांचा फोन आला. एरवी ते माझ्याशी बोलताना शब्द जुळवून बोलत. त्या दिवशी जुळवाजुळव न करता त्यांनी एका दमात सांगितले की तिच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला आहे आणि तो पसरला आहे. डॉक्टरांनी वर्षाचे नाव घेतले नव्हते. 'काही महिने' एवढेच म्हणाले होते.

दोन दिवसांनी ती स्वतः बोलली. आवाज बारीक झाला होता, पण हेका तोच.

"नाना, आता तुमच्यावर एक काम टाकते. यान पोचेल तेव्हा मी नसणार. तेव्हा तुम्ही बघा."

"मी ब्याऐंशीचा आहे, बाळ."

"मग काय झालं? काशीत म्हातारे मरत नाहीत, नुसते वाट बघतात, असं आई म्हणायची ना?"

मी काहीतरी उत्तर दिले असेन. ते मला आठवत नाही. आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. विश्वनाथाच्या दर्शनाला गेल्यावर गाभाऱ्यापुढे माणसाला क्षणभरच उभे राहू देतात. त्या क्षणात मागायचे ते मी वर्षानुवर्षे एकच मागत आलो होतो, की आता फार ठेवू नकोस. त्या दिवशी शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. लवकर ने म्हणावे, तर तिने सोपवलेले काम राहते. आणखी पाच वर्षे ठेव म्हणावे, तर तिच्यावाचून पाच वर्षे ठेव असे म्हटल्यासारखे होते. तिला ठेव म्हणावे, तर तपासण्यांचे जे निष्कर्ष जावयांनी मला धीर करून वाचून दाखवले होते, त्यांच्यापुढे ती प्रार्थना उच्चारण्याचेही बळ माझ्यात नव्हते. मागून पोलिसाने "चलिए बाबा, आगे बढ़िए" म्हटले. मी पुढे सरकलो. आयुष्यात प्रथमच मी देवापुढून काहीही न मागता परतलो, आणि त्यात वैराग्याचा लवलेशही नव्हता.

मग मला एकच मार्ग सुचला. तिने काशीला यावे. मी व्रतस्थ, मला जाता येत नाही. तिला येता येते. आणि इथे जे व्हायचे ते झाले, तर तिच्या आईला मिळाले तेच तिलाही मिळेल. मी हे बोलायला आठवडाभर धीर गोळा करीत होतो. ती एका वाक्यात ओळखून बसली.

"मुक्तीसाठी बोलावताय?"

"हो."

"मग नको."

"का गं?"

"मुक्त झाल्यावर परत येता येत नाही ना? मला यायचंय, नाना. इथे मेले आणि लगेच कुठेतरी जन्मले, तर यान पोचेल तेव्हा मी चार वर्षांची असेन. कुणीतरी टीव्ही लावून देईलच की."

ती हसू लागली आणि हसता हसता तिला ठसका लागला. जावयांनी फोन घेतला.

तिने हे सहज म्हटले असेल. पण ज्याने सारे आयुष्य त्या एका सिद्धान्ताच्या आधारावर काढले, त्याला ते सहज घेता येईना. मी घाटाच्या पायरीवर बसून त्याचा विचार केला. ती पुण्यात देह ठेवील आणि पुन्हा जन्माला येईल. मी इथे जाईन आणि पुन्हा जन्माला येणार नाही. म्हणजे ज्या पुण्याईची जोड व्हावी म्हणून मी या क्षेत्राच्या सीमा घट्ट धरून बसलो होतो, तीच पुण्याई तिला आणि मला कायमचे वेगळे करणार होती. यान तरी साडेपाच वर्षांनी पोचते. मला मोक्ष मिळाला तर ती आणि मी यांच्यामध्ये जे अंतर पडेल, ते कितीही काळात तोडता येण्याजोगे नव्हते. मुक्तीचे भय वाटणारा माणूस काशीत दुसरा असेल असे मला वाटत नाही. मला मात्र ते भय वाटले.

अमृतराव घाटावर माझे एक जुने स्नेही रोज संध्याकाळी येऊन बसतात. आम्ही एकाच पाठशाळेत घोकंपट्टी केली. पुढे ते धर्मशास्त्राकडे वळले आणि नियमांच्या बाबतीत इतके कडक झाले, की त्यांच्या घरचे मांजरही एकादशीला दूध पीत नाही, असे लोक म्हणतात. मी त्यांना विचारले, "क्षेत्रसंन्यासी माणसाला बाहेर जायचे असेल तर?"

"कशासाठी?"

मी सांगितले. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

"प्रायश्चित्त आहे," ते म्हणाले. "व्रतभंगाला प्रायश्चित्त असतंच. ते मी सांगेन, तू परत आल्यावर करू. पण तिकडेच गेलास तर?"

"तर?"

"समोर गंगेपलीकडे, व्यासकाशीत मेला तर गाढव होतो म्हणतात. पुण्यात मेला तर काय होतो, ते कुठल्या ग्रंथात लिहिलेलं मला माहीत नाही."

"तिथेही बरीच विद्वान मंडळी मरतात."

"त्यांचं काय झालं, ते कुणी परत येऊन सांगितलंय?" असे म्हणून ते हसले, आणि मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सत्तर वर्षांच्या स्नेहात त्यांनी असा हात पूर्वी कधी ठेवला नव्हता. "जा तू. मला मुलगी नाही, म्हणून मी इतका वेळ घेतला."

विमानतळ वरुणेच्या पलीकडे आहे. पुतण्याने गाडी ठरवून दिली आणि स्वतः शेजारी बसला. पुलावर आपण डोळे मिटायचे, मनात क्षमा मागायची, असे मी ठरवले होते. मी वाट पाहत होतो की आता पूल येईल, आता येईल. शेवटी मी चालकाला विचारले, "वरुणेचा पूल किती दूर आहे?"

"पुल तो कब का निकल गया, बाबूजी."

मी मागे वळून पाहिले. ट्रक आणि रिक्षा यांच्या गर्दीवाचून काही दिसले नाही. ज्या रेषेत माझा सारा परलोक सामावला होता, ती मला कळलीसुद्धा नव्हती.

पुण्याला तिच्या घरी मला समोरची खोली दिली होती. ती दिवसाचा बराच वेळ झोपूनच असे. सकाळी मात्र तिला माझ्याकडून पंचांग ऐकायचे असे: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. मी वाचे आणि ती डोळे मिटून मान हलवी. मग कधी ती संगणक मांडीवर घेऊन यान कुठे आहे ते मला दाखवी. काळ्या पडद्यावर एक बिंदू, आणि त्याच्यामागे एक बारीक वक्र रेषा. मी पहिल्या दिवशी पाहिला तो बिंदू आठवडाभराने पाहिला, तर तो माझ्या मते तिथेच होता.

"हे हलत कसं नाही?"

"हलतंय नाना. बंदुकीच्या गोळीपेक्षाही कितीतरी जोरात जातंय. जागाच एवढी मोठी आहे, की ते दिसत नाही."

मी त्या काळ्या पडद्याकडे पाहिले. लहानपणापासून मी अनंत हा शब्द स्तोत्रांतून उच्चारीत आलो होतो. तो इतका ओसाड असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

एके दुपारी तिला थोडे बरे वाटत होते. जावई औषधे आणायला गेले होते. मी तिच्या केसांतून फणी फिरवीत होतो. केस फार राहिले नव्हते, तरी तिला ते आवडत असे. ती म्हणाली, "तुम्ही इथं आलात खरे. पण तुम्हाला इथं काही झालं, तर तुमची काशी बुडाली की."

मी म्हणालो, "बुडू दे. तू पुन्हा जन्माला येणार म्हणालीस. मी मुक्त होऊन काय करू? मीही येईन. कुठेतरी गाठ पडेल."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत मी काय अपेक्षिले होते कोण जाणे; पण तिथे भीती होती.

"नाना, तुम्ही त्यासाठी आलात?"

"त्यासाठीही."

"अहो, मी गंमत केली होती." तिचा श्वास अडखळत होता. "मला वाटत नाही हो, पुढे काही असतं असं. बरीच वर्षं झाली, वाटत नाही. तुम्हाला सांगितलं नाही इतकंच. काहीच नसतं, नाना. तुम्ही उगाच आपलं व्रत मोडलंत."

फणी माझ्या हातात होती. तिला धीर द्यावा, तर धीर देण्याचे माझे सगळे शब्द तिला मान्य नसलेल्या गावचे होते. तिला पटवावे, तर आता वाद घालायला तिच्याकडे श्वास नव्हता आणि माझ्याकडे खात्री नव्हती. मी म्हणालो, "व्रत मोडून तुझे केस विंचरायला मिळाले." ती रडली. मी पुढे विंचरीत राहिलो. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

कार्तिकात ती गेली. त्या आधीच्या शेवटच्या दिवसांत तिने ना यानाचे नाव काढले, ना काशीचे. एकदा ताक मागितले, आणि ते घशाखाली उतरले नाही.

यान मंगळाला वळसा घालून आता पृथ्वीकडे परत येत आहे. माहेरच्या दाराला शिवून जाण्याचा तो प्रसंग यायलाही अजून अवकाश आहे. साडेपाच वर्षांतले उरलेले अंतर ते ठरल्याप्रमाणे तोडील. तिने केलेल्या गणितात चूक नसणार. ज्या वेळी जिथे असायचे, त्या वेळी ते तिथे असेल. त्याच्या पोचण्याची बातमी ऐकायला मी असेन की नाही, हे मला ठाऊक नाही. आणि असावे की नसावे, हेही ठरवता येत नाही.

जावयांनी अस्थी माझ्याजवळ दिल्या. त्यांना मूलबाळ नाही. त्या एकाएकी शांत झालेल्या घरात आता ते एकटेच राहणार होते. काशीला परतताना मी वरुणेवर नजर ठेवून होतो. पुलाखाली काळसर, अरुंद पाणी होते. रामघाटावर नावेतून थोडे आत जाऊन मी अस्थी सोडल्या. अस्थी गंगेत राहतील तितकी वर्षे स्वर्गवास, असे वचन मी इतरांच्या वेळी शेकडो वेळा सांगितले असेल. त्या दिवशी नाव परत काठाला लागेपर्यंत मी ते उच्चारले नाही. तिला जे वाटत नव्हते, ते तिच्या नावाने म्हणायला जीभ धजेना.

माघात स्नेही घरी आले. "प्रायश्चित्त झालं," ते म्हणाले. ते त्यांनीच माझ्याकडून करवून घेतले होते. "आता पुन्हा व्रत घे. वय काय झालंय बघ. उद्या दवाखान्यात न्यायचं म्हणून पुतण्या तुला वरुणेपार कुठेही उचलून नेईल. व्रत असलं म्हणजे निदान नाही म्हणता येईल."

"घेऊन काय करू?"

"काय करू म्हणजे? तिकडे वहिनी आहेत."

"आणि मुलगी?"

शास्त्रात या प्रश्नाला उत्तर आहे. जीवांच्या नात्यांना त्या स्थितीत अर्थच उरत नाही, असे ते उत्तर. ते त्यांना माहीत होते आणि मलाही. त्यांनी ते दिले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

शेवटी त्यांच्या आग्रहास्तव आम्ही घाटावर गेलो. आचमन झाले. उजव्या हातात पाणी घेऊन ते सांगतील तसा मी संकल्प म्हणू लागलो. संकल्पात माणूस आधी आपण कुठे आहोत ते सांगतो, मग केव्हा: द्वीप, देश, क्षेत्र, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, आणि शेवटी ग्रह कुठे उभे आहेत ते. आयुष्यभर मी हे रोज म्हटले आहे. त्यांनी सांगितले, "मिथुनराशिस्थिते देवगुरौ."

देवगुरू. तोच तो गुरू, ज्याच्या चंद्राकडे ते यान निघाले आहे. यान सुटले तेव्हा तो वृषभेत होता. एका राशीला त्याला साधारण वर्ष लागते. कर्क, सिंह, कन्या, तूळ. तुळेच्या पलीकडे तो जाईल तेव्हा ते पोचेल. एवढ्या राशी मी मनात मोजल्या आणि पुढचा शब्द माझ्या तोंडून निघेना.

"म्हण," स्नेही हळूच म्हणाले. मग पुन्हा, "अरे, म्हण ना."

हात तसाच पुढे धरला होता. म्हाताऱ्याच्या बोटांत फटी फार. पाणी गळू लागले. संकल्प पुरा उच्चारल्यावर ते आपण होऊन सोडायचे असते. माझे ते आधीच गेले.

"आता हा झाला की नाही झाला?" मी विचारले.

त्यांनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिले. "मला सांगता येत नाही," ते म्हणाले. मग आम्ही दोघे उठलो. पायऱ्या चढताना त्यांनी माझा दंड धरला होता. मधल्या पायरीवर दम लागला म्हणून आम्ही थांबलो, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिलो.